बिनडोक्याचा स्क्रू

ऑर्विन ट्वेटच्या गोळ्या त्या हिवाळ्यात डावीकडे जात होत्या. आमच्या नॉर्थ डकोटातल्या छोट्या गावात हिवाळा लांबलचक असतो. नेमबाजी क्लबाच्या तळघरात दर गुरुवारी कागदी चकत्यांवर नेम धरणं हाच तेव्हा म्हाताऱ्यांचा विरंगुळा. आधी सगळे आपल्या वयाला दोष देतात, मग चष्म्याला. ऑर्विननं थेट ट्रिगरला दिला. बाकदार ट्रिगरवर बोट घसरतं, सपाट ट्रिगरवर ते सरळ टेकतं, असं त्यानं कुठंसं वाचलं होतं.

त्याचं पिस्तूल फार्गो शहरातल्या कर्टिस नावाच्या कारागिरानं खास त्याच्या हाताच्या मापानं बनवलेलं. तेव्हा ट्रिगर निवडताना सल्ला कर्टिसचाच. ऑर्विननं आधी लांबीसाठी फोन केला, मग धातूसाठी, मग बोट वर टेकावं की खाली, हे विचारायला.

"खाली टेकलंस तर हलका लागेल, वर टेकलंस तर जड," कर्टिस म्हणाला. "एकदा जागा ठरव आणि तिथंच राहा. लग्नासारखं."

ऑर्विननं आभार मानून फोन ठेवला. ऑर्विनची बायको आर्डिस गेल्या शरदात वारली होती.

पुढच्या फोनला ऑर्विननं रंगाचं विचारलं. रंगानं नेम बदलत नाही, असं कर्टिसनं शांतपणे सांगितलं. ऑर्विन म्हणाला, ते माहीत आहे. मग त्यानं फार्गोला बर्फ किती पडलाय, याची चौकशी केली.

ट्रिगर आला तो शनिवारी. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं आणि ऑर्विननं आर्डिसच्या पद्धतीची हॉटडिश करायचं कबूल केलं होतं. खाली खिमा आणि मशरूमचं सूप, वर बटाट्याचे खरपूस गोळे. रविवारी सकाळी ती ओव्हनमधून काढून त्यानं टेबलावर निवायला ठेवली आणि शेजारीच टॉवेल पसरून रिकामं पिस्तूल खोललं. आर्डिस असती तर दोन्हींपैकी एक गोष्ट टेबलावरून हलली असती.

नवा ट्रिगर खाचेत घट्ट जात होता. त्यानं कडेला बारीक कानस फिरवली, बसवून पाहिला, काढला, पुन्हा फिरवली. शेवटी तो लोण्यासारखा सरकला. या ट्रिगरच्या सपाट तोंडाला एक बारीक भोक असतं आणि त्यात तिळाएवढा, बिनडोक्याचा स्क्रू. गोळी सुटल्यावर ट्रिगर उगाच मागे जाऊ नये म्हणून तो अडवतो. कानस फिरवण्याआधी ऑर्विननं तो काढून टॉवेलवर ठेवला होता. ऑर्विन बूट घालायला उठला, परत आला, तर टॉवेलवर स्क्रू नव्हता. खुर्चीखाली नव्हता, बाहीत नव्हता. मग त्याची नजर हळूहळू उघड्या हॉटडिशकडे वळली.

तेवढ्यात पाद्रीबुवांची बायको लव्हॉन दारात. ऑर्विनची गाडी बर्फात अडकलेली म्हणून ती न्यायला आली होती. तिनं भांड्यावर वाकून वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"अगदी आर्डिसचा हात आहे रे," ती म्हणाली.

जेवणाशेजारी पिस्तूल खोललं होतं, हे त्यानंतर सांगणं ऑर्विनला जमेना. भांडं गाडीत गेलं. मागोमाग तोही.

चर्चच्या तळघरात तो सगळ्यांच्या आधी टेबलाशी उभा राहिला आणि निम्मी हॉटडिश स्वतःच्या ताटात ओढली. प्रत्येक घास चघळून चघळून खाल्ला. मग पुन्हा वाढून घेतलं. पाद्रीबुवांनी एक चमचा घेतला होता, तोही त्यानं नम्रपणे मागून घेतला. त्यांचे दात नवे होते आणि ऑर्विनला त्यांची काळजी वाटत होती. भांडं खरवडून तो खाली बसला तेव्हा सगळं तळघर त्याच्याकडे पाहत होतं.

लव्हॉननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी काहीच खात नाहीस का रे?"

ऑर्विनच्या तोंडात शेवटचा घास होता. तो तपासून होईपर्यंत त्याला बोलता येणार नव्हतं, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यानं ट्रिगर दिव्यासमोर धरला. स्क्रू भोकात होता, खोलवर, जिथं असायला हवा तिथं. सकाळी त्यानंच तो बसवला होता आणि विसरला होता. बिनडोक्याचं दुसरं काय होतं त्या स्वयंपाकघरात, हे त्याला कळलं.

सोमवारपासून हॉटडिश येऊ लागल्या. ट्यूनाच्या, कोंबडीच्या, एकीत तर नुसतेच नूडल्स. बायका भांडं द्यायच्या, दारातच हात दाबायच्या आणि निघून जायच्या. फ्रीज भरला तेव्हा त्यानं भांडी मागच्या पायऱ्यांवर बर्फात रचली. गुरुवारी गोळ्या एकमेकींच्या अगदी जवळजवळ लागल्या, पण डावीकडेच. ट्रिगरचा दोष नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मार्लिस ब्रेकी आली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. त्याच्या मागच्या गल्लीत राहायची. तिच्या हातात भांडं नव्हतं. ऑर्विनला बरंच वाटलं.

"पायऱ्यांवरची भांडी माझ्या खिडकीतून दिसतात," ती म्हणाली. "तुम्ही एकटे संपवणार नाही एवढं."

ऑर्विननं मग तिला सगळं खरं सांगून टाकलं. स्क्रू, टॉवेल, पाद्रीबुवांचे दात. ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "मला कोणी कधी काही आणून दिलं नाही. चर्चच्या जेवणात मी एकच चमचा वाढून घेते ना, म्हणून असेल."

समोरच्या खुर्चीवर ट्रिगरच्या कॅटलॉगांचा गठ्ठा होता, गेल्या शरदापासून वाढत गेलेला. ऑर्विननं तो उचलला, ठेवायला जागा शोधली आणि शेवटी जमिनीवर ठेवला.

"ट्यूना की कोंबडी?" त्यानं विचारलं.

मार्लिस कोटाची बटणं काढत म्हणाली, "दोन्ही गरम करा."