मेहुण्याभोवतीची जाळी

पडदेवाला दुपारीच दुकान बंद करून घरी आला आणि बूट काढायच्या आत त्याने बायकोला विचारलं, "तुझ्या भावाचं जहाज शेवटी कुठल्या बंदरात होतं गं?"

तिने सांगितलं. ते ऐकून तो तिथेच, एका पायात बूट ठेवून, स्टुलावर बसला.

"काय झालं?"

"काही नाही."

नवऱ्याचं 'काही नाही' म्हणजे बरंच काही असतं, हे तिला ठाऊक होतं. ती कणकेचे हात तसेच धरून उभी राहिली.

"पिवळा ताप," तो म्हणाला. "सकाळपासून वाचतोय. आधी म्हणे जंगलाजवळच्या खेड्यांत होता. आता दोन खंडांत पसरलाय, शहरांपर्यंत आलाय. आणि तुझा भाऊ तिथूनच येतोय."

"मग त्याला विचारा, लस घेतलीस का म्हणून."

"तीन वर्षांनी येतोय बिचारा. त्याला दारातच विचारू, रोग घेऊन आलायस का? मागच्या वेळी नुसतं जाड झालास म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

हे खरं होतं. मेहुणा जहाजावर इंजिनियर. यंत्रांच्या बाबतीत दणकट, बाकी भलताच हळवा. त्यात बायको महिनाभर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. तिचा विरस करायचा धीर पडदेवाल्याला होईना. त्याने गुपचूप गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"माणसाकडून माणसाला थेट लागत नाही तो," डॉक्टर म्हणाले. "मध्ये डास लागतो. आजारी माणसाला चावलेला डास दुसऱ्याला चावला, तर."

पडदेवाल्याला हायसं वाटलं. तेवढ्यात त्याच्या कानाजवळून काहीतरी गुणगुणत गेलं, आणि ते हायसं वाटणं तिथेच संपलं.

म्हणजे डास आणि मेहुणा यांची गाठ पडता कामा नये. एवढं साधलं की झालं. त्याने घरभर खिडक्या लावल्या. दुकानातून पांढऱ्या जाळीचा अख्खा तागा आणला, खुर्चीवर चढून छताच्या कड्यांना दोऱ्या बांधल्या आणि सोफ्याभोवती चारी बाजूंनी जाळी सोडली. बायको स्वयंपाकघरातून आली आणि बघतच राहिली.

"त्याला यात बसवणार?"

"नवीन फॅशन आहे म्हणून सांगू. पडद्यांतलं मला कळतं, त्याला काय कळतंय?"

संध्याकाळी मेहुणा आला. बहिणीने त्याला मिठी मारली आणि डोळे पुसले. पडदेवाल्याने त्याची बॅग घेतली, त्याला दंडाला धरून जाळीत नेलं आणि मागून कड नीट खोचली.

"भाऊजी, हे काय?"

"फॅशन."

मेहुण्याने मान डोलावली. बंद घरात त्याला दरदरून घाम फुटला. तो कपाळ पुसायला लागला की पडदेवाला जाळीजवळ सरके. ताप तर नाही? डोळे पिवळे दिसतायत का? जाळीतून नीट कळेना, म्हणून तो वाकून वाकून बघू लागला. मेहुणा अवघडून आपला शर्ट तपासू लागला.

शेवटी बहीण चहा घेऊन आली. कप आत द्यायला जाळी उचलली गेली, आणि तेवढ्यात एक डास आत शिरून सावकाश मेहुण्याच्या गालावर बसला.

पडदेवाल्याने विचार केला नाही. त्याने जाळीत हात घातला आणि फाडकन थोबाडीत दिली.

चहा सोफ्यावर सांडला. बायकोचा चेहरा असा झाला की पडदेवाल्याला वाटलं, त्यापेक्षा ताप परवडला.

"तीन वर्षांनी आलाय तो," ती हळूच म्हणाली.

मग पडदेवाल्याने सगळं ओकून टाकलं. बातम्या, बंदर, डॉक्टर, डास. मेहुणा गाल चोळत ऐकत होता. पडदेवाल्याला वाटलं, आता हा उठून बॅग उचलणार.

"भाऊजी, ती लस घेतल्याशिवाय त्या बंदरात उतरूच देत नाहीत," तो म्हणाला. "मी नोकरीला लागलो तेव्हाच घेतलीय. जन्मभर पुरते. विचारायचं नाही का?"

"तू रागावशील वाटलं."

"मारल्यावर नाही रागावणार?" असं म्हणत तो हसला, तशी बहीणही हसली. पडदेवाल्याने मोठा श्वास घेतला आणि जाळी काढायला खुर्चीवर चढला.

"थांबा," मेहुणा एकदम म्हणाला. तो पडदेवाल्याच्या हातांकडे बघत होता. खिडक्या लावून घरातले सगळे डास आत कोंडले होते, आणि संध्याकाळभर जाळीबाहेर पहारा देणाऱ्याचे हात कोपरापर्यंत चाव्यांच्या लाल गांधींनी भरले होते. "एवढे डास आहेत तुमच्याकडे?"

"असतात थोडे."

"मी लस घेतलीय ती पिवळ्या तापाची. तुमच्या इथल्या डेंगी-मलेरियाची नाही." त्याने पाय वर घेतले आणि जाळीची कड स्वतःच गादीखाली खोचली. "ताई, तू पण आत ये."

ती गेली. थोड्याच वेळात आतून बहीण-भावाच्या गप्पा आणि हसणं ऐकू येऊ लागलं. पडदेवाला बाहेर खुर्चीवर हात खाजवत बसून राहिला. काही वेळाने त्याने घसा खाकरला.

"जरा सरकता का रे?"