बापूंचा आजऱ्याचा पुतण्या

आमच्या गल्लीतल्या बापूंच्या घरात जमिनीवर काही म्हणजे काही नसतं. टीव्ही छताला टेकलेला, धान्याचे डबे त्याच्या शेजारी आणि देव तर त्याहून वर. पाया पडायचं तर मान अवघडते. "जरा खाली घ्या की बापू," म्हटलं की उत्तर तयार, "घिऊ की! आदी पाण्याला इचारून या, जावा."

पंचगंगा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात नळाला पाणी येईना म्हणून आम्ही बोंबलतो आणि पावसाळ्यात नदीच घरात येते. पाऊस लागला की बापू रोज सकाळी घाटावर जाऊन पाणी बघून येणार आणि दारोदार ओरडणार, "पायऱ्या बुडाल्या! गाद्या वर घ्या!" कुणी हसलं की संपलंच. "हसा हसा. गॅसची टाकी तरंगाय लागली की रडशीला."

पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की बापूंचा प्रत्येकाला एकच सवाल, "पावणं कुठलं?" म्हणजे पाणी उतरेपर्यंत कुणाकडे राहणार? सगळ्यांना रिक्षात बसवून देईपर्यंत हा माणूस हलत नाही. "आणि तुम्ही?" विचारलं तर म्हणणार, "माजी काळजी नगं. आजऱ्याचा पुतण्या गाडी घिऊन यायलाय." मला त्या पुतण्याचं भारी कौतुक. आमचा मेव्हणा चार फोन केल्याशिवाय हलत नाही!

गेल्या पुरात आम्ही राजारामपुरीत सासऱ्यांकडे गेलो. दुसऱ्या दिवशी शाळेत राहिलेल्या पूरग्रस्तांसाठी चपात्या घेऊन गेलो, तर बापू तिथं आमटी वाढत होते.

"रस्ता बंद हाय," मला बघून ते गडबडीनं म्हणाले. "पुतण्या अडाकलाय."

चुलीपाशी बसलेल्या बाई हसल्या. "कुठला पुतण्या? दर पुराला हितंच असत्यात की ह्ये."

बापू खाली बघून वाढत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं रिक्षात बसून गेलो, पण एकदाही चौकशी केली नाही.

"बापू, पिशवी घ्या. चला माझ्यासंगं."

"आन् पुतण्या आला तर?"

"तो करंल की फोन."

ते पिशवी घेऊन गाडीवर मागं बसले. निम्मी वाट गेल्यावर त्यांचा आवाज आला, कधी नव्हे इतका बारीक. "तितं मी कोण म्हणून सांगायचं?"

"काका. सख्खं काका."

"मग आजवर कुठं हुतो, म्हणून इचारतील की."

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "मीच न्यायला आलो न्हाई, असं सांगतो."