लिहून ठेवणारे पटलेभाऊ

आमच्या ग्रामीण रुग्णालयातले एक्स-रे तंत्रज्ञ पटलेभाऊ लग्नाच्या पंगतीतही खिशातला टेप काढून डीजेपासून आपण किती मीटरवर बसलो ते मोजतात. मी तिथलाच कारकून. मला बजावतात, "लिवलं नाई, ते झालंच नाई बाबू."

मागच्या हिवाळ्यात बोदलकसाकडच्या एका गावात तपासणी शिबिर होतं. तिथं एक विक्रेता हातात धरायचं एक्स-रे मशीन दाखवायला आला. शाळेत जत्राच उसळली. भाऊंनी खडूनं रेघ ओढली, सगळ्यांना मागं रेटलं आणि कोण किती अंतरावर उभं ते वहीत उतरवू लागले. सरपंचांनाही सोडलं नाही. विक्रेता हसला, "भाईसाब, ये तो कॅमेरे जैसा है," आणि त्यानं एका गुरुजींच्या छातीवर मशीन रोखून बटण दाबलंसुद्धा.

भाऊ धावले ते थेट मागच्या खोलीत. गुरुजींच्या पाठीमागं नुसती प्लायवूडची भिंत, आणि पलीकडे बाकावर पाच महिन्यांची गरोदर सुनीता बसलेली. भाऊंनी प्रात्यक्षिक तिथंच बंद पाडलं. मग बाकापासूनचं अंतर, मशीनवरचे आकडे, फोटो एकच, सगळं लिहून विक्रेत्याची सही घेतली. ते आकडे नागपूरच्या तज्ज्ञांना कळवून त्यांचं उत्तरही वहीत चिकटवलं.

चार दिवसांनी त्या गावच्या आशाताईंचा फोन आला. किरणं पोटातून गेली, पोर अपंग होणार, असा गावात बोभाटा झाला होता. सासू सुनीताला गर्भ पाडायला गोंदियाला नेत होती. ऑटो दारात उभा होता. भाऊंनी मला मोटारसायकलवर ओढूनच बसवलं. धानाच्या बांध्यांमधून ते असे सुटले की मी डोळे मिटून घेतले.

ऑटोसमोर गाडी आडवी लावून त्यांनी वही उघडली.

"माय, हे पाहा, लिवून आहे. मातीतून, आभाळातून रोज किरणं आपसूक अंगात येतेत, त्याच्यातच खपून जाते एवढंसं. लेकराले काई होत नाई. कायले भेता?"

सासूला वाचता येत नव्हतं. सुनीतानं वही घेतली, दोनदा वाचली आणि ऑटोतली पिशवी खाली उतरवली.

उन्हाळ्यात तिला मुलगी झाली, धडधाकट. बारशाला आम्ही दोघं गेलो. भाऊंनी पोर मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

परतताना त्यांनी वाटेत गाडी थांबवली.

"माह्या बायकोचा बी असाच फोटो निघाला होता, पोटुशी असताना. किती, कसा, कोणी लिवलं नव्हतं. आमी भेलो अन् गोंदियाले गेलो."

त्यांनी पुन्हा गाडीला किक मारली.

"मंग दुसरं झालंच नाई."