आमच्या दुकानाचा आवाज जमा आहे

आमचं दुकान बंद का झालं, हे मी लहानपणापासून घरात विचारत आलो आणि मला कुणी कधी उत्तर दिलं नाही. ते बंद झालं तेव्हा त्याचा आवाज नियमाप्रमाणे नगरपालिकेत जमा झाला, एवढंच मला माहीत होतं. तेवढं गावात सगळ्यांनाच माहीत असतं. दुकान कायमचं बंद करायचं तर पालिकेचा माणूस येतो, दुकानात जो काय आवाज चालू असेल तो चिनी मातीच्या बरणीत धरतो, तोंडाला फडकं बांधून वरून मेण लावतो आणि घेऊन जातो. त्यानंतर फळ्या लावायची परवानगी मिळते.

आमचं दुकान पत्र्याच्या पेट्यांचं होतं. माझे वडील गणपा जिनगर, त्यांना आम्ही आबा म्हणतो, पत्रा कापून वाकवायचे आणि माझा थोरला भाऊ प्रल्हाद लाकडी मोगरीनं ठोकून कडा बसवायचा. अठ्ठ्याहत्तर साली दुकान बंद झालं तेव्हा दादा अठरा वर्षांचा होता आणि मी सहा. त्यानंतर तो मार्केट यार्डात पोती उचलायला लागला. पुढं मीही चौथीतून शाळा सोडून त्याच्याच टोळीत गेलो. यंदा श्रावणात दादा काविळीनं गेला. नऊ दिवसांत. त्याचं लग्न झालेलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर आईला एक अडचण सुरू झाली. दादा घरात शिरताना "आये" अशी हाक मारायचा, ती तिला आठवेना. शब्द आठवत होता, आवाज आठवत नव्हता. ती मला म्हणायला लावायची. मी उंबऱ्याबाहेर जाऊन "आये" म्हणत आत यायचो. ती मान हलवायची.

"तुझं पातळ हाय रं सुदाम. त्येचं खाली बसल्यालं हुतं."

मी आवाज खाली बसवून पुन्हा आत यायचो. मी दिवसातून वीस वेळा कामावरून घरी येतो, असं शेजाऱ्यांना वाटायला लागलं. दहा-बारा दिवसांनी मलाही कळेना की मी नक्कल कुणाची करतोय. दादाचा आवाज माझ्याही डोक्यातून निघून गेला होता. तेव्हा मी ठरवलं की दुकानाचा आवाज सोडवून आणायचा. दुकानात दिवसभर दादा असायचा, म्हणजे बरणीत तो असणारच.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, बंद झालेलं बंद असू दे, आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. मी त्याच पावली निघालो. अंगावर हमालीचा सदरा होता आणि यार्डात अर्धी गाडी उतरवायची राहिली होती.

आवाज विभाग पालिकेच्या मागच्या बाजूला आहे. तिथं शेंडगेबाई बसतात. भिंतीला छतापर्यंत फळ्या आहेत आणि त्यांवर बरण्या. बाईंनी मला धंदा आणि साल विचारलं. बरण्या मालकाच्या नावानं लावत नाहीत, धंद्याच्या वर्गानं लावतात. मालकाची नावं बदलतात, हे कारण त्यांनी सांगितलं. वर्ग कारकून लावतो; तो दुकान बघत नाही, नुसतं ऐकून लिहितो. पत्राकामाची अठ्ठ्याहत्तरची नोंद एकच निघाली. मालकाच्या नावावर कसर लागलेली होती. खाली लिहिलं होतं: ठोकाठोक, अकरा मिनिटे, चार जणांपुरता.

बाई म्हणाल्या, "नाव दिसत नाही. सोमवारी रेशनकार्ड घेऊन या, मग बघू." आणि पुढच्या माणसाचा अर्ज घ्यायला वळल्या.

मला सोमवारपर्यंत थांबणं जमलं नाही. मी टेबलावरून पलीकडे उडी मारली, बरणी खाली घेतली आणि मेण फोडलं.

पत्र्यावर ठोकण्याचा आवाज खोलीभर झाला. दोन हलके घाव आणि एक जड. मला वाटलं, हाच दादा. आवाज ऐकून शेजारच्या विभागातले शिपाई आत आले, जन्म-मृत्यूचा कारकून आला. थोड्या वेळानं घाव थांबले आणि एक जाड आवाज म्हणाला, "मुनीर, कैंची इधर दे." आमच्या दुकानात कुणी मुनीर नव्हता. मी फडकं बरणीच्या तोंडात कोंबलं, पण निघालेला आवाज परत आत जात नाही. तो चार जणांपुरता होता आणि आम्ही सहा जण ऐकत होतो, म्हणून अकरा मिनिटांचा आवाज सातच मिनिटांत संपला. बरणी रिकामी झाली.

शेंडगेबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात "चुकून संपला" असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. मग सांगितलं की ज्यांचा आवाज संपवला त्यांना तोंडी कळवायचं आणि कळल्याची सही आणायची. तोपर्यंत मला दुसरी बरणी मिळणार नाही.

गावात पत्र्याचं दुसरं दुकान तांबोळ्यांचंच होतं. त्यांच्यातले मुनीर तांबोळी आता सायकली दुरुस्त करतात. मी गेलो तेव्हा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून पंक्चर शोधत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी ट्यूब सोडली नाही. त्यांच्या घरात दर बकरी ईदला तो आवाज काढायचं ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं, असं ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "अब्बा काही बोलले?"

मी म्हणालो, "मुनीर, कैंची इधर दे."

"चिडून?"

"चिडून नाही. घाईत होते."

"हां. घाईतच असायचे." मग म्हणाले, ठोकत कसे होते ते दाखव.

मी पाना उचलला आणि उलट्या टांगलेल्या सायकलच्या मडगार्डवर दोन हलके आणि एक जड घाव घातला. ते म्हणाले, तिसरा जरा उशिरा. मी उशिरा घातला. त्यांनी आणखी दोन-चारदा घालायला लावला. नंतर ते बराच वेळ त्या ट्यूबमध्ये पंक्चर शोधत राहिले. पाण्यात एकही बुडबुडा येत नव्हता.

सही करून कागद देताना ते म्हणाले, "तुमचा आवाज पत्राकामात सापडायचा नाही बेटा. पालिकेचा साहेब आला तेव्हा माझ्या बापानं त्याला बस म्हटलं नाही. ठोकतच राहिला. लई आडमुठा. तुझा बाप तसला नाही. साहेब दारात दिसला की गणपा मोगरी खाली ठेवणार आणि त्याच्यासाठी पाट शोधणार."

मी घरी पळत आलो. आबा मागच्या अंगणातच होते. मी विचारलं, आवाज न्यायला साहेब आला तेव्हा तुम्ही काय केलं?

"च्या केला," आबा म्हणाले.

"आणि ठोकलं नाही?"

"माणूस म्होरं बसलाय, आन् त्येच्या कानाशी ठोकायचं? घोटभर च्या झाल्यावर ठोकणार हुतो. तर त्यो कप खाली ठिवून बरणी बांधूनच उठला."

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन शेंडगेबाईंकडे गेलो आणि अठ्ठ्याहत्तर सालची चहाच्या दुकानांची वही मागितली. त्यात चौदा नोंदी होत्या. बाई वाचून दाखवणार नाहीत, अर्जदारानं स्वतः ओळखावं असा नियम आहे. मला लिहिलेलं पटकन वाचता येत नाही. मी बोट ठेवून एकेक नोंद वाचत गेलो. जेवणाची सुट्टी होऊन गेली. नववी नोंद अशी होती:

"स्टोव्ह, कपबशी. कडेला हात लागेल, जपून बसा, असे दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो (टेबल मोडके असावे). एक तरुण मधून मधून 'आबा, आता मारू का' असे विचारतो (माश्या फार असाव्यात). दुकानदार 'थांब' म्हणतो. सतरा मिनिटे. दोन जणांपुरता."

मी "आबा" या शब्दावर बोट ठेवलं ते उचललं नाही. दादा मोगरी हातात धरून सतरा मिनिटं वाट बघत होता.

"हीच का?" बाईंनी विचारलं.

"हीच."

"पण तुमचं चहाचं दुकान नव्हतं. तुम्हीच पत्र्याचं सांगितलं होतं."

मी म्हणालो, नव्हतंच. त्या म्हणाल्या, मग ही बरणी तुमची नाही. मी टेबलावर हात आपटला. त्यांनी दौत जरा बाजूला सरकवली आणि मी शांत व्हायची वाट पाहिली. मी शांत झाल्यावर म्हणाल्या की एक रस्ता आहे. त्या दिवशी सतरा मिनिटं गणपा जिनगर यांनी चहाचं दुकान चालवलं, असं त्यांनी स्वतः लिहून द्यावं. सतराच मिनिटं लिहिली तरी चालेल. वर्ग जुळला की बरणी सुटेल.

अर्ज मी बाहेरच्या लेखनिकाकडून लिहून घेतला. आबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. जन्मभर पेट्या केल्या, ते म्हणाले. आज्यानं केल्या, बापानं केल्या. तालुक्यातल्या निम्म्या सुना त्यांच्या पेट्या घेऊन नांदायला गेल्या, आणि आता सरकारी कागदावर चहावाला म्हणून सही करायची? मी दोन दिवस त्यांच्यामागे अर्ज घेऊन फिरलो. अंगणात, न्हाणीघराच्या दाराशी, देवळात. यार्डात गेलोच नाही. मुकादमानं निरोप पाठवला की येऊ नकोस, तर मी त्याला हो म्हणून कळवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला परत उंबऱ्याबाहेर पाठवलं. मी "आये" म्हणत आत आलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. आता मला दोन्ही सारखंच वाटाय लागलंय." मग ती आबांकडे वळली.

"त्या सायबाला च्या पाजला हुता न्हवं?"

आबा उठून अंगणाकडे निघाले.

"पाजला हुता का न्हाई?"

"पाजला हुता."

"मग लिहून द्या."

आबांनी सही केली. अक्षरं सुकेपर्यंत कागद हातात धरून बसले आणि मग मला हळूच विचारलं, "मी थांब म्हणलो, त्ये किती बारी?"

"वहीत एकदाच लिहिलंय," मी सांगितलं. ते खरं होतं.

शुक्रवारी बाईंनी बरणी काढून ठेवली. मधल्या खोलीत दोन स्टुलं मांडली होती. दोनच, कारण नोंद दोन जणांपुरती होती. बाईंनी स्वतःच्या कानात कापूस घातला, शिपायांना फाटकापर्यंत पाठवलं आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. आईनं आतून तिसरं स्टूल ओढायला घेतलं.

"तू बी बस. जरा कमी ऐकू समदी."

मी आधीच हिशेब केला होता. तिघांनी ऐकलं तर सतराची अकरा मिनिटं होतात. दादाचं बोलणं त्या अकरात येतं की पुढच्या सहात, ते वहीत लिहिलेलं नव्हतं.

"माझं ऐकून झालंय," मी म्हणालो. "काल बाईंनी ऐकवलं. खात्री करायला."

आईचं लगेच पटलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. तांबोळ्यांच्या बरणीचं मी घरी सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळे बरणी एकदा उघडली की उरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आपलं स्टूल आईच्या स्टुलाजवळ सरकवलं आणि पटका काढून मांडीवर ठेवला.

मी मेण फोडलं, फडक्याची गाठ सोडली आणि फडकं तसंच तोंडावर ठेवलं. आबांना म्हणालो, मी बाहेर गेलो की काढा. बाहेर आलो तर त्या दाराला कडी नव्हती आणि ते वाऱ्यानं उघडत होतं. मी दाराला पाठ लावली, पाय घट्ट रोवले आणि दोन्ही कानांवर तळहात दाबले.

शेंडगेबाई समोर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मला बोटांनी मिनिटं दाखवत होत्या. चौथ्या की पाचव्या मिनिटाला पाठीला लागलेल्या फळीतून काहीतरी जाड, खाली बसलेलं असं आल्यासारखं वाटलं. शब्द नव्हता. मी दारापासून पाठ थोडी सोडली, नुसत्या टाचेनं दार धरलं आणि कान आणखी दाबले. माझ्या कानात जे जाईल ते त्यांच्यातून वजा झालं असतं. बाईंची दहा बोटं झाली, मग पहिल्यापासून सात झाली. त्यांनी हात खाली घेतला आणि कानातला कापूस काढला. पालिकेचं घड्याळ थोडं पुढं असतं, म्हणून मी आणखी दोन मिनिटं हात काढले नाहीत.