मुहूर्ताचा गजर

आमचे शेजारी अंकुशराव लग्नाला निघाले की त्यांच्या कापडी पिशवीत दोन वस्तू हमखास असतात. एक टॉवेल-टोपीचा आहेर आणि दुसरं गजराचं घड्याळ. चावीचं, वर दोन घंट्या, रंग पार उडालेला. निवडणुकीच्या कुठल्याही चिन्हाशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यावरून त्यांच्याच पक्षातल्या पोरांनी त्यांना काही कमी छळलेलं नाही.

मांडवात बाकीचे पुढारी सोफ्यावर बसतात. अंकुशराव भटजींच्या शेजारी, पाटावर मांडी घालून. पत्रिकेत बारा पस्तीस छापलं असेल, तर बरोबर बारा पस्तीसला ते घड्याळ माइकपुढं धरतात. काय तो ठणाणा! मांडवातली झोपलेली लेकरं एकदम भोकाड पसरतात. मग अंकुशराव म्हणतात, "रीत म्हंजे रीत. धरा अंतरपाट!" आणि अक्षता टाकायच्या त्याही दोन्ही हातांनी, दोन मुठी भरून. निम्म्या भटजींच्या डोक्यात.

मी एस.टी.त कंट्रोलर होतो. "पैठण गाडी थोड्याच वेळात लागेल" असं माइकवर सांगण्यात माझा जन्म गेला. जगात काही वेळेवर होतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून निवृत्तीनंतर गारखेड्यात घर घेतलं आणि भिंतीपलीकडं हा माणूस निघाला, तेव्हा मला करमणुकीची सोय झाल्यासारखंच वाटलं.

अंकुशराव मूळचे चितेगावकडचे. थोडी शेती, दोनदा पंचायत समितीवर, डोक्यावर पांढरी टोपी. पक्ष जुन्या वळणाचा, पण हे पक्षापेक्षाही जुने. डीजे नको, सनई पाहिजे. नवरा-नवरीनं लग्नाआधी धरणावर जाऊन गळ्यात गळे घालून फोटो काढायचे नाहीत. जेवण पंगतीत बसून. "उभ्यानं जनावर खातं, कंट्रोलर सायेब," असं मला सुनावून ते माझ्या हातातली बुफेची प्लेट काढून घेतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, मी पुष्कळ घालून बघितला.

पक्षानं त्यांना कधी जमेस धरलं नाही. सभेच्या सतरंज्या घालायला अंकुशराव, हार आणायला अंकुशराव. जिल्ह्याची तिकिटं ज्यांच्या हातात असतात त्या साहेबांच्या सभेत एकदा त्यांना चुकून माइक मिळाला. "टायम झाला. बायांना घरी जाऊ द्या, सैपाक व्हायचाय," एवढंच बोलून ते खाली बसले. बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि उठल्या. साहेबांचं भाषण अजून व्हायचं होतं.

पुढं ते घड्याळ लग्नाबाहेरही जायला लागलं. चितेगावच्या दवाखान्यात डॉक्टर नऊला यायचे ते अकराला उगवायचे. अंकुशराव रोज पेशंटांसोबत ओट्यावर बसून नऊला गजर वाजवायचे. ना मोर्चा, ना घोषणा, ना निवेदन. आठवडाभरात डॉक्टर गजराच्या आधी हजर! मग पाण्याचा टँकर, मग तलाठी.

"हे काय चालवलंय?" मी एकदा चहा पिता पिता विचारलं.

"सरकार म्हंजे काय वो?" ते म्हणाले. "गरजवंतानं ताटकळायचं आन् मोठ्यानं सावकाश यायचं. जुन्या लोकांनी मुहूर्त कामून ठेवला? समद्यांना एकच टायम. पाटलाला येगळा नाय, गड्याला येगळा नाय. माझं राजकारण एवढंच हाय."

"आमदार व्हायचंय वाटतं!"

"झालो तर तिथंबी गजर लावीन."

मी इतका हसलो की चहाचा ठसका लागला. पण गंमत बघा, यंदा खरंच त्यांचं नाव निघालं. पैठणपर्यंतच्या गावांत लग्नपत्रिकांवर "अंकुशरावांच्या साक्षीनं, मुहूर्तावर" असं छापून येऊ लागलं होतं. दुसरा इच्छुक सरकारी रस्त्यांची कामं घेणारा एक गुत्तेदार होता, चार गाड्यांच्या ताफ्यात फिरणारा. शेवटी साहेबांचा निरोप आला की चितेगावच्या लग्नाला येतो आणि तिथंच, मांडवात, उमेदवार म्हणून अंकुशरावांचं नाव पुकारतो.

लग्न वाळूजच्या कंपनीत कामाला असलेल्या रामभाऊंच्या मुलीचं. मुहूर्त बारा पस्तीस. मीही इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सव्वाबाराला फोन आला, "साहेबांनी बिडकीन ओलांडलं." साडेबाराला परत फोन, "बिडकीन ओलांडलं." असल्या बातम्या मी तीस वर्षं स्वतः दिलेल्या आहेत. साहेब अजून आंघोळीलासुद्धा गेले नसणार, हे मी ओळखलं.

रामभाऊ रडकुंडीला आले होते. मी अंकुशरावांच्या कानाशी लागलो. "आजच्या दिवस ते घड्याळ झाका. तासाभराचा प्रश्न आहे, पुढं पाच वर्षं आमदारकी!"

पुढच्या रांगेत नवरीची आजी बसली होती. हाताला सलाइनची पट्टी, मान कलंडलेली, पण अक्षतांची मूठ घट्ट. अंकुशराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ उचललं आणि माइकपुढं धरलं.

साहेब आले तेव्हा दुसरी पंगत बसली होती. चेहरा लालबुंद. "अंकुशराव, आम्ही कोण?"

"पाव्हणे, सायेब. बसा, पंगतीत जागा हाय."

साहेब पाण्याचा घोटही न घेता गाडीत बसले. नाव कुणाचंच पुकारलं नाही. गुत्तेदार मात्र त्यांना सोडायला थेट गाडीपर्यंत पळाला.

संध्याकाळी ओट्यावर मी अंकुशरावांवर असा काही तापलो की बायको आतून बाहेर आली. "अहो, एक तास! एक तास थांबला असता तर काय आभाळ कोसळत होतं?"

अंकुशराव घड्याळाला चावी देत होते. "आमच्या लेकीच्या, सुमीच्या लग्नात थांबलो होतो ना," ते म्हणाले. "तिची माय, रखमा, दवाखान्यात होती तवा. डॉक्टरनं दोन तास सोडलं. हेच घड्याळ मांडीवर घेऊन बसली, माघारी जायाचा गजर लावून. मुहूर्त झाला. भटजी म्हनले, धरू का अंतरपाट? मीच म्हनलं, थांबा. सायेब येऊ द्या."

"मग?"

"मग गजर वाजला."

त्यांनी घड्याळ मांडीवर ठेवलं.

"रागावली नाय वो," ते म्हणाले. "गाडीत बसताना मुठीतल्या अक्षता माझ्या हातात दिल्या. म्हनली, माझ्या वाटच्या तुमी टाका. आन् सायबाला जेवल्याबिगर सोडू नका. मग घरी काय ती आलीच नाय."

माझ्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. आणि मला, देवाशप्पथ, माझा तो माइक आठवला. 'थोड्याच वेळात.' खाली उभी असलेली माणसं कुणाकडं निघाली होती, हे मी तीस वर्षांत एकदासुद्धा विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पैठणहून कुणा वधूपित्याचा फोन आला. रविवार, अकरा सत्तेचाळीस. "येतो की! टायमावर येतो," अंकुशराव एकदम खुशीत ओरडले.

तिकिटाचं अजून काही कळलेलं नाही. मिळालं तर घरोघर फिरायला मी तयार आहे, नाही मिळालं तरी रविवार मोकळाच असतो.

त्या रविवारी मी सोफा सोडून त्यांच्या शेजारी पाटावर बसलो. गजर झाला, अंतरपाट धरला गेला. अंकुशरावांनी दोन्ही मुठी भरून घेतल्या. "सावधान" झालं की ते आधी उजवी मूठ उधळत होते, मग जरा थांबून, हलक्या हातानं डावी. ती डावी रखमावहिनींची. मी माझ्या वाटच्या अक्षताही तिच्यात ओतल्या.