तिसरा आरसा

आमच्या नगरपालिकेच्या शोभादर्शकात शिरलेला माणूस सहा होऊन बाहेर येतो, आणि त्यातला खरा कोणता हे ठरवून बाकीचे विझवणं हे माझं काम आहे. खात्याचं नाव प्रतिमा विभाग. खात्यात मी एकटाच. शिक्कासुद्धा पाणीपुरवठा खात्याकडून मागून आणावा लागतो.

शोभादर्शक म्हणजे लहानपणी आपण पुठ्ठ्याच्या नळीत काचेच्या पट्ट्या आणि बांगड्यांचे तुकडे घालून करायचो तोच. आमचा मात्र बाजारचौकात आडवा पडलेला आहे, साठ फूट लांब, आणि माझ्या कचेरीतल्या दारातून त्यात शिरता येतं. ही युक्ती मूळची स्कॉटलंडातली. दोनशे वर्षांपूर्वी तिथला एक शास्त्रज्ञ प्रकाशाचे प्रयोग करत होता, त्याला आरशांच्या कोनात ही गंमत सापडली. त्याने रीतसर पेटंट काढलं, पण लोकांनी हजारोंनी नकला करून विकल्या. नकला काढायचं यंत्र लोकांच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार!

दोन आरसे साठ अंशांवर उभे केले की मधल्या वस्तूच्या पाच प्रतिमा दिसतात. मूळ धरून सहा. हे गणित पक्कं असल्यामुळे माझं काम सोपं होतं. दर सोमवारी दिगंबर कासार बांगड्यांचे नवे तुकडे ओतायला आत जायचा आणि सहा होऊन माझ्या बाकावर येऊन बसायचा. मी सगळ्यांना सही करायला सांगायचो. तिघे डाव्या हाताने करायचे, कारण आरसा उजव्याचं डावं करतो. उरलेल्या तिघांतले दोघे दोनदा उलटून पुन्हा सरळ झालेले असायचे. मग त्या तिघांना एकेक करून उंबऱ्याबाहेर चौकात पाठवायचं. खरा बाहेर पडला की बाकीचे पाच विझायचे. दिगंबर जाता जाता म्हणायचा, "चला, आज पण मीच निघालो."

मग नगराध्यक्षांना वाटलं, नक्षी एका वर्तुळापुरतीच का? सगळीकडे दिसली पाहिजे. त्यांनी तिसरा आरसा बसवला. तीन आरशांत प्रतिमांना अंत राहत नाही, असं टिपण मी लिहून दिलं होतं. त्यावर 'पाहिले' असा शेरा आला. उद्घाटनाला पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, त्याची आता लाज वाटते.

पुढच्या सोमवारीही दिगंबर सहाच होऊन बाहेर आला. बाकावर सहाच जणांची जागा आहे, बाकीचे आत थांबले असावेत. सह्या झाल्या. मी एकेकाला उंबऱ्याबाहेर पाठवलं. कुणीच विझेना. डावखुऱ्या तिघांनाही पाठवून पाहिलं. सहाही जण चौकात ऊन खात उभे राहिले. याचा अर्थ एकच होता, खरा दिगंबर अजून आत होता.

साडेचारला त्याची बायको मंदाकिनी आली.

"साहेब, आमचे हे अजून जेवायला आले नाहीत."

मी चौकाकडे बोट केलं. तिने सहा जणांना नीट न्याहाळलं. एकेकाचा हात हातात घेतला आणि सोडून दिला.

"यातला एकही नाही."

"कशावरून?"

"वीस वर्षं काच हाताळलेला हात आहे त्यांचा, साहेब. चरे लागतात. ह्यांच्या हाताला काहीच लागत नाही. आरशावरून हात फिरवल्यासारखं."

"पाच वाजता नळी फिरते," मी म्हणालो. हे तिला सांगणं भागच होतं. नळीला घड्याळाचं यंत्र जोडलेलं आहे. रोज पाचला ती आपोआप फिरते, तुकडे घरंगळतात, आणि एकदा मोडलेली नक्षी पुन्हा जुळत नाही. आत माणूस असला तर कुठल्या कुठे जाऊन पडेल.

"मग थांबवा की!"

"त्याला नगराध्यक्षांची सही लागते. ते लग्नाला गेलेत."

"मग मी जाते आत."

"वहिनी, तुम्ही गेलात तर तुमच्याही सहा बाहेर येतील."

"येऊ द्यात. मला एकच माणूस हवाय."

पावणेपाचला सहा मंदाकिनी बाहेर आल्या. तिघी डावखुऱ्या निघाल्या. सगळ्या उंबरा ओलांडून गेल्या आणि काहीही न विचारता एकेका दिगंबरशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. विझलं कुणीच नाही.

मी धावत नळीच्या टोकाला गेलो आणि भोकाला डोळा लावला. आत जिथवर नजर पोचेल तिथवर दिगंबर होता आणि त्याचं मनगट घट्ट धरून मंदाकिनी होती. तिला तो सापडला होता. मला रडूच आलं.

"साहेब," आतल्या सगळ्या मंदाकिनी एकदम म्हणाल्या, "दार कुठल्या अंगाला?"

मला एक जोडी जरा जास्त ठळक वाटली. तिच्याकडे बघून मी ओरडलो, "डावीकडे!"

ती जोडी खरी असली तर मी बरोबर सांगितलं होतं. उलटी असली तर मी त्यांना भिंतीकडे पाठवलं होतं. पाहता पाहता अर्धी जोडपी डावीकडे वळली आणि अर्धी उजवीकडे. तेवढ्यात पाचाचे टोले पडले आणि नळी फिरली. नक्षी इतकी देखणी झाली की भोकाशी रांग लावलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नगराध्यक्षांनी लग्नाहून आल्यावर प्रकरण निकाली काढलं. 'अर्जदार महिलेस तिचा पती सहा प्रतींत मिळाला आहे. तक्रार शिल्लक नाही.' खाली मीच शिक्का मारला. सहाही जोडपी आता कासारआळीतल्या त्याच घरात राहतात. गावाची सोयच झाली, बांगड्या भरायला ताटकळावं लागत नाही. फक्त बायका म्हणतात, बांगडी चढते, पण कुणी हात धरल्याचं कळत नाही.

रोज पाचाला पाच मिनिटं कमी असताना मी भोकाला तोंड लावतो. एकदा "डावीकडे" ओरडतो आणि एकदा "उजवीकडे". दोन्हीतलं एक तरी बरोबर असेलच. काल पहिल्यांदा आतून मंदाकिनीचा आवाज आला. फार दमलेला होता.

"साहेब," ती म्हणाली, "एकच काय ते सांगा."