डॅग्नी गाईच्या बाळंतपणीं तारेवर जाहलेल्या लढाईची हकीकत

सकळ थोरामोठ्यांस विदित व्हावें जे, नेब्रास्का प्रांतीं, पांढऱ्या गिरजाघराच्या पंचक्रोशींत, आठ घरांचे टेलिफोन एकाच तारेस जोडिले होते, त्या काळचें हें वर्तमान. मोहिमा पुष्कळ जाहल्या, परंतु चुलीपासून गोठ्यापर्यंत इतकी दौड कोण्या सेनापतीनें मारिली नसेल.

हुल्डाबाई ऑस्टरगार्ड विधवा, साठी उलटलेल्या, पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. पदरीं फौज म्हणावी तर डॅग्नी नामें एक गाय, तिच्याच दुधालोण्यावर बाईंचें राज्य चाले. लेकाचा ओमाहा शहराहून फोनवर हुकूम जाहला होता कीं गाय गेली तर शेत विकून आम्हांपाशीं यावें. आणि ओमाहास सूनबाईंचें स्वयंपाकघर, म्हणजे जन्माची मांडलिकी! हें दुःख बाईंनीं शेजारांत कोणासही कळूं दिलें नाहीं. मग फेब्रुवारी मासीं, बर्फानें वाटा बुजल्या असतां, डॅग्नी विण्यास बसली आणि वासरू अडलें.

बाईंनीं धांवत येऊन फोनची मूठ फिरविली आणि गांवचे गुरांचे डॉक्टर क्रेनसाहेब यांस गांठिलें. परंतु त्या मुलखीं रिवाज असा कीं घंटी कोणाचीही वाजो, आठही घरीं फोन कानास लागावा, आणि कोणी ऐकतो असें कोणीं कबूल करूं नये. जितके कान अधिक, तितका तारेवरचा आवाज क्षीण. साहेबांस कांहीं ऐकूं जाईना, बाईंस कांहीं ऐकूं येईना. ऐकूं आलें तें फक्त शेजारीण बर्था कोल्टरमनबाईंच्या घड्याळाचें टिकटिक. ह्या बर्थाबाईंनीं नाताळच्या पंगतींत हुल्डाबाईंच्या "पाय" नामें सफरचंदाच्या गोड पक्वान्नास चामड्याची उपमा दिली होती, तेव्हांपासून उभय दरबारीं बोलणें बंद.

"ज्यांनी ज्यांनी कानाला लावलाय, त्यांनी खाली ठेवा बघू!" बाई गरजल्या.

कोणीही ठेविला नाहीं. कैसा ठेवील? ठेवितांच खट्ट होणार आणि चोरी उघडी पडणार! इभ्रतीपुढें गाय काय चीज? बाकीचीं सातही घरें श्वास रोखून राहिलीं, आणि हुल्डाबाईंचा जीव टांगणीस लागला.

"डॉक्टर, एकच पाय बाहेर आलाय हो! दुसरा आत दुमडलाय!" बाई ओरडल्या. "माझी डॅग्नी जाईल हो..."

घड्याळाची टिकटिक चालूच होती. मग एकाएकीं तारेवर तोफ सुटली.

"अहो डॉक्टर, कान फुटले का तुमचे? एक पाय आत दुमडलाय म्हणतेय ती!" बर्थाबाईंचें घर गांवच्या वेशीलगत, त्यांचा आवाज दोहींकडे खणखणीत पोंचला. साहेबांनीं उपाय सांगितला आणि बर्थाबाईंनीं तो पुढें ओरडिला: "हुल्डा, आधी वासरू मागे ढकल! खूर तळहातात धर, नाहीतर गाय आतून फाटेल! मग हळूच पुढे आण! अन् बाकीच्यांनो, ठेवा मेल्यांनो फोन, सगळ्यांना ओळखते मी!"

खट्ट, खट्ट, खट्ट! शत्रुसैन्यानें शस्त्रें ठेविलीं. हुल्डाबाई गोठ्यांत धांवल्या, परत आल्या, पुन्हां धांवल्या, आणि दुपार होतां होतां ओलें, लटपटतें वासरू गवतावर उतरलें. कालवड! डॅग्नी तीस चाटूं लागली आणि बाई तेथेंच बसून ढसाढसा रडल्या.

दुसरे दिवशीं बर्थाबाई बर्फ तुडवीत, सफरचंदी पाय घेऊन दारीं हजर.

"सहज आले. वासरू पितंय ना?"

"तुला गं कुणी सांगितलं वासरू झालं म्हणून?" हुल्डाबाईंनीं मुद्दाम पुसिलें.

"कुणी कशाला सांगायला हवं?" बर्थाबाई हातमोजे काढीतच राहिल्या. मग मान खालीं घालून हळूच बोलिल्या, "मग आता ओमाहाला नाही ना जायचं?"

हुल्डाबाई जागींच थबकल्या; लेकाचा तो हुकूमही ह्याच तारेवरून आला होता! मग कॉफीचें भांडें चुलीवर चढविलें आणि दोन पेले मांडिले.

येणेंप्रमाणें राज्य राखिलें, तह जाहला, कालवड सुखरूप. बर्थाबाईंनीं आणिलेला सफरचंदी पाय मात्र चिवट निघाला, तो हुल्डाबाईंनीं निमूट संपविला.